आईचा व्यवसाय : गृहिणी? एका रकान्यातून काय निसटतं

प्रवेशाचा किंवा फेलोशिपचा फॉर्म भरताना तुम्हीही हा रकाना फारसा विचार न करता भरला असेल. वडिलांचा व्यवसाय : शेती. आईचा व्यवसाय : गृहिणी. दहावीपासून एमएस्सीपर्यंत मी प्रत्येक फॉर्मवर हेच लिहिलं. आमची चार एकर कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर. दारात एक म्हैस. पावसाळ्यात आईच्या हातातलं खुरपं दिवस मावळेपर्यंत सुटत नाही. तरीही ती 'गृहिणी'.

पुढे संशोधनासाठी प्रश्नावली करायची वेळ आली, तेव्हा हीच चूक मी पुन्हा केली. पायलटमध्ये पहिलाच प्रश्न होता, "तुम्ही काम करता का?" बांधावर बसून भाकरी खाणाऱ्या बाईने सांगितलं, "नाही, घरीच असते." मी 'नाही'वर खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. तिच्या पायांना चिखल होता. तो मला दिसत होता, पण माझ्या प्रश्नावलीत त्याला जागा नव्हती.

आजची पोस्ट याच गोष्टीवर आहे. विषय शेतकरी बाईच्या कामाचा असला, तरी खरा मुद्दा मापनाचा आहे. तुमचा विषय कुठलाही असो, तो तुम्हाला आडवा येणारच.

पाहणी तिला कुठे बसवते?

आपल्याकडे रोजगाराचे आकडे मुख्यतः पीएलएफएस, म्हणजे नियतकालिक श्रमशक्ती पाहणीतून येतात. ही पाहणी 2017 मध्ये सुरू झाली. तिच्यात प्रत्येक माणसाला एक कोड मिळतो. स्वतःचा व्यवसाय किंवा शेती स्वतः चालवणारा 11. घरच्या शेतीत पगाराशिवाय मदत करणारा 21. फक्त घरकाम करणारी व्यक्ती 92. घरकामासोबत घरासाठी सरपण, चारा गोळा करणारी किंवा शिवणकाम वगैरे करणारी 93.

21 कोड मिळालेली बाई कामगारांत धरली जाते, 92 आणि 93 वाली धरली जात नाही. वर्षभराची मुख्य स्थिती ठरवताना जास्त काळ कशात गेला ते पाहतात. किमान 30 दिवस दुसरं काम केलं असेल, तर ते दुय्यम स्थिती म्हणून नोंदवता येतं. म्हणजे नियमात तिला जागा आहे. पण त्या जागेवर ती पोचते की नाही, हे प्रश्न कसा विचारला आणि उत्तर कोणी दिलं यावर ठरतं. ओसरीवरच्या सासऱ्यांनी "सूनबाई घरातलं बघते" असं सांगितलं, की 21 ची 92 व्हायला वेळ लागत नाही.

दिवस मोजायची दुसरी रीत

यावरचा एक उपाय म्हणजे वेळ-वापर पाहणी. आपल्याकडे 1998-99 मध्ये सहा राज्यांत ती प्रायोगिक स्वरूपात झाली. देशपातळीवर पहिली 2019 मध्ये आणि दुसरी 2024 मध्ये. "काम करता का?" या प्रश्नाऐवजी इथे विचारतात, काल पहाटे 4 पासून आज पहाटे 4 पर्यंत काय काय केलंत? अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने असतात.

मागच्या जुलैत मी आईवरच हा प्रयोग केला. "काल काय केलंस?" तर म्हणे, "काय करणार, रोजचंच." मग रकाना-रकाना विचारत गेले. पाचला उठून अर्धा तास झाडलोट आणि पाणी. मग तासभर शेण काढणं, धार. साडेसहा ते नऊ चहा, भाकऱ्या, भाजी, डबे. साडेनऊपासून दुपारी दीडपर्यंत खुरपणी. अर्धा तास जेवण, मग पाचपर्यंत पुन्हा खुरपणी. अर्धा तास म्हशीसाठी गवत कापलं. भारा घेऊन सहाला घरी, सातपर्यंत गोठा आणि धार. नऊपर्यंत स्वयंपाक आणि भांडी. अर्धा तास धान्य निवडणं.

बेरीज करा. शेत 7 तास, गवत अर्धा, गोठा 2, घर साडेपाच. एकूण 15 तास, तेही रस्त्याचा वेळ सोडून. आई म्हणाली, "एवढं होतं होय?"

तरीही अडचणी संपत नाहीत

पहिली अडचण वर्गीकरणाची. या पाहण्यांत संयुक्त राष्ट्रांची आयसीएटीयूएस 2016 ही वर्गवारी वापरतात. तिच्यात रोजगार, घरच्या वापरासाठी वस्तूंचं उत्पादन, बिनमोबदला घरकाम आणि बिनमोबदला संगोपन असे वेगळे विभाग आहेत. आता आमची म्हैस घ्या. दूध डेअरीला घालायचं असेल तर धार काढणं रोजगारात, घरी प्यायचं असेल तर घरच्या वापरासाठीच्या उत्पादनात. चरवी तीच, बाई तीच. निम्मं-निम्मं असेल तर मुख्य हेतू कोणता, ते ठरवावं लागतं.

दुसरी अडचण एकाच वेळच्या कामांची. तव्यावर भाकरी, दुसऱ्या चुलीवर दूध, मधेच आजीला अंघोळीचं पाणी. हा अर्धा तास कुणाच्या नावावर? पाहणीत एकापेक्षा जास्त कामं नोंदवायची सोय आहे, पण त्यांतलं एक मुख्य ठरतं. आजीकडे सतत असलेलं लक्ष त्यात बहुतेक वेळा निसटतं.

तिसरी अडचण एका दिवसाची. जुलैतला दिवस आणि मे महिन्यातला दिवस सारखा नसतो. म्हणून ही पाहणी वर्षभर पसरलेली असते. त्यातून गटाची सरासरी काढता येते. एका बाईचं वर्ष कसं गेलं, ते सांगता येत नाही.

सरासरी वाचताना सावध

2019 चा हा आकडा तुम्ही वाचला असेल : घरकामात स्त्रिया दिवसाला 299 मिनिटं घालवतात, पुरुष 97. गुणोत्तर साधारण तिप्पट. पण ही फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्यांची सरासरी आहे. 6 वर्षांवरच्या स्त्रियांपैकी 81.2 टक्के स्त्रियांनी घरकाम केलं होतं, पुरुषांपैकी 26.1 टक्के पुरुषांनी. आता सगळ्यांची सरासरी काढा. 299 × 0.812 म्हणजे सुमारे 243 मिनिटं, 97 × 0.261 म्हणजे सुमारे 25. फरक जवळजवळ दहापट! दोन्ही आकडे बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. एक विचारतो, करणारे किती वेळ करतात. दुसरा विचारतो, एकूण भार कुणावर किती. तुमच्या प्रबंधात छेद कुठला धरलाय, ते स्पष्ट लिहा.

एवढं कशासाठी?

कारण नोंदीवर बरंच काही अवलंबून असतं. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांमध्ये स्त्रिया सुमारे 14 टक्के होत्या. वर्षाला 6000 रुपये देणारी पीएम-किसान योजना जमिनीच्या नोंदीवर चालते. सातबाऱ्यावर नाव नाही आणि पाहणीत कोड 92. अशी बाई आयुष्यभर शेतात राबली, तरी कागदावर ती शेतकरी नसते. नवरा गेल्यावर वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे हेलपाटे घालताना तिला ते पहिल्यांदा कळतं.

तुमच्यासाठी गृहपाठ

सिनॉप्सिस लिहिण्याआधी चार गोष्टी करून बघा.

1. "काम करता का?" असं विचारू नका. "काल उठल्यापासून काय काय केलंत?" असं विचारा.
2. उत्तर स्वतः बाईने दिलं की दुसऱ्या कुणी, हा वेगळा रकाना ठेवा.
3. हंगाम आणि महिना नोंदवा. खुरपणीतला आणि उन्हाळ्यातला डेटा डोळे झाकून एकत्र करू नका.
4. प्रश्नावली आधी घरच्याच माणसावर वापरा. आपल्या आईचा दिवस तुमच्या रकान्यांत बसत नसेल, तर रकाने बदला.

मागच्या महिन्यात एक फॉर्म भरताना मी पुन्हा त्याच ओळीवर थांबले. आईला फोन केला, "तुझा व्यवसाय काय लिहू?" ती म्हणाली, "लिही काहीही, म्हैस ओरडतीये." मी 'शेती' लिहिलं.