सालाखालची खूण

खानदेशातल्या नरडाण्याला दोन वाटा भेटतात: सुरत-भुसावळ लोहमार्ग आणि मुंबई-आग्रा महामार्ग. अशा गावात चिल्लर सगळीकडून येते. इथल्या एखाद्या दुकानाचा गल्ला उपडा केला, तर देशातल्या चारही टांकसाळींची नाणी एकत्र सापडू शकतात. ती ओळखायला भिंग हवं आणि थोडी चिकाटी.

पहिली नजर सालाच्या खाली जाते. तिथे पत्त्यांतल्यासारखी बारीक चौकट असेल तर नाणं मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. नोएडाची टांकसाळ सुरू झाली 1988 मध्ये, त्यामुळे तिचा ठिपका त्याआधीच्या सालाखाली दिसला की सावध व्हावं. 1985 च्या काही रुपयांवर ‘एच’ हे अक्षर आहे. देशात नाण्यांची टंचाई होती, म्हणून ते रुपये बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीतून पाडून आणले. खूण परदेशी असली तरी ही नाणी भरपूर निघाली, त्यामुळे आजही सहज मिळतात.

दुर्मीळपणा वयावर ठरत नाही. कोणत्या साली, कोणत्या टांकसाळीत किती नाणी पडली, त्यातली किती उरली आणि कोणत्या अवस्थेत उरली, यावर तो ठरतो. राणीछाप कलदार, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया, सव्वाशे-दीडशे वर्षांचा असूनही खानदेशात कित्येक घरांच्या देव्हाऱ्यात असतो. उलट सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया वयाने लहान, पण संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकतात. महायुद्ध सुरू झालं, चांदी दडवली जाऊ लागली आणि 1940 पासून रुपयातली चांदी 91.7 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर आली. जुन्या कसाचे 1939 चे रुपये फारच थोडे उरले. म्हणूनच 1938 च्या रुपयावरचा आठ कोरून त्याचा नऊ करणारे लबाडही आहेत. भिंगाखाली त्या आकड्याभोवतीची जमीन खरवडलेली दिसते.

1911 चा पाचव्या जॉर्जचा रुपया चित्रामुळे गाजला. राजाच्या पोशाखावरचा हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली. नाणी मागे घेतली गेली आणि 1912 पासून सोंड नीट दिसणारा ठसा आला.

टांकसाळीच्या चुकाही शोधाव्यात. आपलं नाणं डावीकडून उजवीकडे उलटलं की दोन्ही बाजू सरळ दिसायला हव्यात. मागची बाजू तिरपी किंवा उलटी आली, तर ठसा फिरलेला आहे. मध्य सोडून पडलेला ठसाही असाच हवाहवासा. वजनही बोलतं: अस्सल चांदीचा कलदार 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा.

आपल्याकडे नाण्यांचं नुकसान बहुधा प्रेमापोटीच होतं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाआधी ती चिंचेने, राखेने लख्ख घासतात. झळाळी येते, पण बारीक रेघा झिजतात आणि संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते. दागिन्यासाठी कडी जोडलेल्या नाण्याचंही तेच होतं.

अफवांनीही नुकसान होतं. वैष्णोदेवीच्या 2012 च्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असे निरोप मोबाइलवर फिरतात. ही नाणी भरपूर निघाली आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन किंवा कर आधी भरायला सांगणाऱ्यांबद्दल बँकेने 2021 मध्ये स्पष्ट इशारा दिला: जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काहीही संबंध नाही आणि ती असं शुल्क कधीच मागत नाही.

नाणी शिकायची तर जवळ जागा आहेत. याच आग्रा रस्त्यावर चांदवडला होळकरांची टांकसाळ होती. नाशिकजवळ अंजनेरीला परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने 1980 मध्ये उभी राहिलेली नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. मुंबईच्या फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे.

आजीचे कलदार अडीनडीला सराफाकडे जातात आणि तोळ्यावर मोजून मुशीत पडतात. पैशाची गरज खरी असते, तिला नावं ठेवू नयेत. पण मोडीत घालण्याआधी प्रत्येक नाण्याचं साल वाचा, खूण पाहा, दोन्ही बाजूंचे फोटो जाणकाराला दाखवा. वितळलेल्या नाण्याची फक्त चांदी उरते, आणि चांदी बाजारात केव्हाही मिळते.