सुमीत मिक्सरची गोष्ट

आमच्या गोंदियाकडे सणाला, लग्नाला बरबटीचे वडे होतात. बरबटी रात्री भिजत घालायची आणि सकाळी पाट्यावर वाटायची. घरात पाहुणे असले म्हणजे वाटणाऱ्या बाईचे खांदे भरून येतात. कंबर धरते ती वेगळीच! वडे खाणाऱ्याला ते कुठले कळायला?

आता पुष्कळ घरी हे काम मिक्सर करतो. मिक्सर विजेवर चालतो. खाली मोटार असते, वर भांडे असते. मोटार फिरली की भांड्यातले पाते गरगर फिरते आणि दाणा बारीक होतो.

पूर्वी मिक्सर परदेशातून येत. तिकडच्या लोकांना फळांचा रस काढायचा, भाज्यांचे सूप करायचे. आपल्याला वाटायची असते भिजलेली डाळ, सुके खोबरे, हळकुंड. एवढे जड काम त्या नाजूक मोटारीला कसे झेपणार?

मुंबईत माधुरी माथुर नावाच्या बाई होत्या. त्यांचा जर्मन मिक्सर असाच बिघडला. दुरुस्त करून देणारे कोणी मिळेना. त्यांचे यजमान सत्यप्रकाश माथुर सीमेन्स कंपनीत इंजिनियर होते. विजेच्या यंत्रांची त्यांना चांगली जाण. आपल्या वाटणाला पुरेल अशी दणकट मोटार त्यांनी स्वतः तयार केली. १९६३ साली त्यांनी कंपनी काढली आणि मिक्सरला नाव दिले सुमीत, म्हणजे चांगला मित्र. माधुरीबाई स्वतः गिऱ्हाइकांना मिक्सर चालवून दाखवीत. हे बरे केले; वाटणाचे कष्ट बाईलाच ठाऊक! पुढे हा मिक्सर देशभर घरोघरी गेला. आता बाजारात इतरही पुष्कळ कंपन्यांचे मिक्सर मिळतात.

मोटार दणकट असली तरी जळू शकते, बरे का. मोटारीत तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. भांडे काठोकाठ भरले, डाळ कोरडीच टाकली, की पाते अडते. पाते अडले की मोटार जास्त वीज ओढते. तार तापते आणि करपल्याचा वास येतो. वास आला की लगेच बटण बंद करा. भांडे अर्धेच भरा. मधूनमधून यंत्राला विसावा द्या. ओल्या हाताने बटणाला शिवू नका.

पुष्कळ मिक्सरांच्या तळाशी एक लहान लाल बटण असते. भार जास्त झाला की ते आपोआप बाहेर येते आणि यंत्र थांबते. घाबरू नका. आधी पिन काढा, थोडे वाटण कमी करा, यंत्र निवू द्या. मग ते बटण आत दाबा.