दिवाणखान्यातील फायरप्लेस : काढावी की ठेवावी?

ब्रिटनमधील जुन्या घराच्या दिवाणखान्यात पाऊल ठेवले की नजर प्रथम फायरप्लेसकडे जाते. भिंतीच्या मधोमध कोनाड्यासारखी पोकळी, तिच्याभोवती लाकडाची किंवा दगडाची चौकट आणि चौकटीवर फळी. एकेकाळी तिच्यात कोळसा धगधगत असे. आज बहुतेक घरांत फळीवर घड्याळ आणि मुलांचे फोटो असतात, खाली मात्र काहीच पेटत नाही. घराला रंग काढायची वेळ आली की मग प्रश्न पडतो, ही जागा अडवून बसलेली वस्तू ठेवायची कशाला? लंडनमधील आमच्या घरातही हा प्रश्न आला. कोकणातून येथे येऊन स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांसमोर तो येतो. म्हणून आम्हाला जे कळले ते वाचकांसमोर ठेवत आहोत.

या शेगड्या विझल्या कशा, हे आधी पाहू. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर धूर आणि धुक्याची दाट चादर पसरली. त्यात सुमारे चार हजार माणसे दगावल्याचा तेव्हाचा अंदाज होता. पुढच्या अभ्यासांनी हा आकडा बराच वाढवला. त्या धुरात घराघरांतील कोळशाचा वाटा मोठा होता. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि अनेक भागांत धूर करणाऱ्या जळणावर बंधने आली. पुढे १९६७ ते १९७७ या काळात देशभर समुद्रातला नैसर्गिक वायू पोहोचला. फायरप्लेसच्या पोकळीत गॅसची शेगडी बसली, मग खोल्याखोल्यांत रेडिएटर आले आणि तीही बंद पडली.

आमच्या घरात मते तीन होती. ईदला तीस-पस्तीस माणसे जमतात, सव्वा फूट जागा मिळाली तर बरेच, असे आम्हा दोघांचे म्हणणे. मुलीला ती जुनी चौकट हवी होती. अम्मींनी एकच विचारले, "चूल विझली म्हणून कुणी भिंत पाडतं का?" तेव्हा आम्ही हसलो. पण घर बघायला आलेल्या इंजिनिअरनेही वेगळ्या शब्दांत तेच विचारले.

त्याने सांगितले की आपण जिला फायरप्लेस म्हणतो त्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, पुढची चौकट आणि जमिनीवरची दगडी लादी. ही निव्वळ सजावट, काढणे सोपे. दुसरी, आतली पोकळी आणि तिच्यातून वर गेलेला धुराचा मार्ग. ती बंद करता येते, पण हवेसाठी खाली जाळी ठेवावी लागते आणि वर धुराड्याच्या तोंडावर हवा खेळेल पण पाऊस जाणार नाही असे झाकण लागते. हवा कोंडली की ओल धरते आणि जुन्या काजळीतले क्षार भिंतीवर तपकिरी डाग उठवतात. तिसरी, खोलीत पुढे आलेली विटांची जाड भिंत. ती वरच्या मजल्यावरून थेट छपरावरच्या धुराड्यापर्यंत जाते. खालचा भाग कापला तर वरच्या विटांचे ओझे कशावर राहणार? त्यासाठी पोलादी तुळई, इंजिनिअरचा हिशेब आणि इमारत नियमांनुसार मंजुरी लागते. आम्हाला हवी असलेली सव्वा फूट जागा नेमकी या तिसऱ्या गोष्टीत होती.

आणखी एक गोष्ट होती. आमचे घर भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या घरांच्या ओळीत आहे. ज्या भिंतीत आमची फायरप्लेस आहे तिच्याच पलीकडे, पाठीला पाठ लावून, शेजारच्या आजींची आहे. ईदला आमच्या घरून शीरखुर्म्याचा वाडगा जातो तो त्यांच्याकडे. त्यांच्या फायरप्लेसमधली गॅसची शेगडी आजही हिवाळाभर चालते आणि तिचा धूर त्याच सामाईक धुराड्यातून जातो. छपरावर गवंड्याने चुकीचे तोंड झाकले, किंवा दोन मार्गांमधली जुनी विटांची भिंत खिळखिळी झाली, तर कार्बन मोनॉक्साइड त्यांच्या किंवा आमच्या खोलीत शिरू शकतो. या वायूला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस जातो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या सामाईक भिंतीच्या कायद्यानुसार अशी भिंत कापण्यापूर्वी शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. पण कायदा नसता तरी आजींना विचारल्याशिवाय हातोडा उचलणे आम्हाला पटले नसते. शेजाऱ्याचा हक्क आपण मुलांना शिकवतो. तो या भिंतीच्या निम्म्या विटांवर होता.

शेवटी आम्ही भिंत ठेवली. बंद पडलेली गॅसची शेगडी नोंदणीकृत गॅस तंत्रज्ञाकडून काढून घेतली, पोकळी बंद करून जाळी बसवली आणि धुराड्याची तोंडे आजींच्या घरी शेगडी पेटवून, तपासून, मगच आमच्या तोंडावर झाकण घातले. भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत जमिनीपासून छतापर्यंत कपाटे केली. त्यामुळे खोलीतली दोन अवजड कपाटे हलली आणि माणसांना बसायला जागा झाली. मुलीची चौकट जागच्या जागी राहिली. दोन्ही घरांत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र लावले.

प्रत्येकाचा निर्णय हाच असेल असे नाही. स्वतंत्र घर असेल, वरची भिंत आधीच काढलेली असेल, तर जागा मोकळी करणे योग्यही ठरेल. मात्र काही गोष्टी आधी पाहाव्यात. शेगडीमागे पाणी तापवणारा बॉयलर दडलेला असू शकतो. जुन्या पत्र्यांत आणि दोऱ्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ब्रिटनमध्ये त्यावर संपूर्ण बंदी १९९९ मध्ये आली. धुराड्यात पक्ष्यांचे वापरातले घरटे असेल तर पिल्ले उडेपर्यंत थांबणे कायद्यानेच बंधनकारक आहे. घर वारसा यादीत असेल तर चौकट काढायलाही परवानगी लागते. आणि भाव विचारताना गवंड्याला नुसते "फायरप्लेस काढायची आहे" असे सांगू नये. चौकट, पोकळी की भिंत, हे स्पष्ट सांगावे आणि तेच लिहून घ्यावे.