पेनांगच्या पुलावरची पहाट

तीन वर्षांपूर्वी उमऱ्याला गेलो असताना सफा आणि मरवा यांच्यामधल्या सईच्या चौथ्या फेरीत आम्हाला खाली बसावे लागले. सात फेऱ्यांचे अंतर ते किती? सव्वातीन किलोमीटरच्या आसपास. वर छत, पायाखाली गुळगुळीत फरशी, थंड हवा. तरी चाळिशीतल्या आम्हा दोघांना दम लागला. भिंतीला टेकून बसलो असताना सत्तरी ओलांडलेले एक जोडपे झपझप आमच्या समोरून गेले. त्यांच्या पिशवीवर मलेशियाचा झेंडा होता. आमची पाचवी फेरी सुरू झाली तेव्हा ते सातवी संपवून दुआ मागत होते.

त्या दिवशी आम्हाला वाईट वाटले ते थकव्याचे नाही. हजरत हाजरा (अ.) तान्ह्या लेकरासाठी पाणी शोधत जिथे धावल्या, तिथे आम्हाला चालताही येत नव्हते, याचे. परत आल्यावर रक्त तपासले, तर मुलांच्या अब्बांची साखर काठावर आलेली. डॉक्टर म्हणाले, "गोळी आज देत नाही. सहा महिने चालून दाखवा."

असे आमचे चालणे सुरू झाले. त्याचा शेवट मलेशियातल्या पेनांग बेटावरच्या मॅरेथॉनमध्ये होईल, असे तेव्हा कुणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

भाट्ये पुलापासून सुरुवात

आम्ही रत्नागिरीचे. फज्रची नमाज झाली की दोघे भाट्ये पुलाकडे निघायचो. पहिल्या महिन्यात नुसते चालणे. मग एका विजेच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत धावायचे आणि पुढच्या खांबापर्यंत चालायचे. वर्षभरात दहा किलोमीटर जमू लागले, दुसऱ्या वर्षी एकवीस किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन पूर्ण केली. रमजानमध्ये तरावीह झाल्यावर हलके धावायचो आणि लांबचे अंतर ईदनंतरवर सोडायचो. साखर आटोक्यात आली, अल्हम्दुलिल्लाह.

लोक बोललेच. बाईमाणसाने या वयात रस्त्यावर धावायचे, हे शोभते का? आम्ही वाद घातला नाही. एका कार्यक्रमात एका आपांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा एवढेच सांगितले की, प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत आयेशा (र.) यांनी प्रवासात एकमेकांशी धावण्याची शर्यत लावल्याचे हदीसमध्ये आले आहे. पहिल्या वेळी हजरत आयेशा (र.) जिंकल्या. पुढे काही काळाने त्यांचे वजन वाढल्यावर प्रेषित (स.) जिंकले आणि ही त्या हारीची परतफेड आहे, असे त्यांनी हसून सांगितले. नवरा-बायकोने सोबत धावण्यात लाजण्यासारखे काय आहे? आपा गप्प झाल्या. पुढच्या आठवड्यात त्या स्वतः चालायला आल्या.

पेनांगच का?

पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले आणि १९२१ पासून तेच कायम झाले. उष्ण प्रदेशातल्या बेटांवर अशा अनेक शर्यती होतात. हवाईमधल्या ओआहू बेटावरची होनोलुलू मॅरेथॉन १९७३ पासून चालू आहे. ती पहाटे पाच वाजता सुटते आणि तिला वेळेची मर्यादा नाही, म्हणून पहिल्यांदा धावणारे तिकडे मोठ्या संख्येने जातात. पण अमेरिकेचा व्हिसा आणि विमानभाडे आमच्या आवाक्यातले नव्हते.

पेनांगचे गणित सोपे निघाले. भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून मलेशियात तीस दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येते. निघण्याआधी एक ऑनलाइन प्रवेशपत्र भरावे लागते, तेवढेच. खाणे हलाल, मशीद जवळ, हवा आपल्या कोकणासारखी दमट. आणि मनात ते सईमधले जोडपे होतेच.

तरी सव्वा लाखाचा खर्च होता. हा इस्राफ तर नाही ना, हा प्रश्न आम्ही घरात उघडपणे मांडला. मुलीच्या बारावीनंतरच्या शिक्षणाचे पैसे वेगळे ठेवले, जकात काढली, दोन वर्षे दुसरी कुठलीही सहल केली नाही, मग तिकिटे काढली. अम्मी, म्हणजे सासूबाई, एवढेच म्हणाल्या, "जाताय तसे दोघे परत या."

कावडीचा भात आणि कपितान केलिंग

मुंबईहून क्वालालंपूर, तिथून रेल्वेने बटरवर्थ आणि मग फेरीबोटीने जॉर्जटाउन, असा आमचा प्रवास झाला. पेनांगची ही राजधानी २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. जुन्या वस्तीत एकाच रस्त्यावर चिनी मंदिर, हिंदू मंदिर, चर्च आणि मशीद चालत चालत भेटतात. त्यातली कपितान केलिंग मशीद एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दक्षिण भारतातून आलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी उभी केली. जुहरला तिथे गेलो तर शेजारच्या सफेत तमिळ ऐकू आले आणि परक्या देशात आल्याची भावनाच गेली.

त्याच तमिळ मुस्लिमांचे इथले प्रसिद्ध जेवण म्हणजे 'नासी कांदार'. नासी म्हणजे भात आणि कांदार म्हणजे खांद्यावरची कावड. पूर्वी फेरीवाले कावडीच्या एका टोकाला भात आणि दुसऱ्या टोकाला कालवण घेऊन बंदरावर विकत. आता दुकाने झाली, नाव तेच राहिले. शर्यतीच्या आदल्या दिवशी मात्र आम्ही मसालेदार कालवणाला हात लावला नाही. साधा भात, अंडे आणि केळी एवढ्यावरच राहिलो.

मध्यरात्रीची शर्यत

पेनांग बेट आणि मलेशियाची मुख्य भूमी यांना जोडणारा पूल १९८५ मध्ये सुरू झाला. त्याची लांबी साडेतेरा किलोमीटर, त्यातले ८.४ किलोमीटर समुद्रावर. एरवी त्यावर पायी चालायला मनाई असते. वर्षातून या शर्यतीच्या रात्री तो धावणाऱ्यांसाठी मोकळा होतो.

आमची शर्यत रात्री दीड वाजता सुटली. दिवसा त्या उन्हात बेचाळीस किलोमीटर धावणे धोक्याचे, म्हणून ही वेळ. पण रात्रीही दमटपणा जात नाही. शरीर घाम गाळून थंड होते हे खरे, पण घाम वाळला तरच. हवेतच ओलावा भरलेला असला की घाम नुसता ओघळतो, शरीर तापतच राहते आणि घामाबरोबर मीठ निघून जाते. हे आम्ही वाचले होते. वाचणे आणि अंगावर येणे यात फरक असतो, तो पुढे कळला.

सुरुवातीच्या गर्दीत हिजाब घातलेल्या कितीतरी बाया होत्या. कुणी कॉलेजातल्या, कुणी नातवंडे असलेल्या. लांब बाह्या, सैल पॅन्ट, डोक्यावर घट्ट बसणारा हिजाब. कुणाचे कुणाकडे लक्ष नव्हते. गावात पहाटे तोंड लपवून धावणाऱ्या आम्हाला हे पाहून मोकळे वाटले.

पहिले वीस किलोमीटर बेटाच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरून झाले. मग पूल आला. दोन्ही बाजूंना काळे पाणी, दूरवर जहाजांचे दिवे, आणि समोर फक्त माणसांच्या पाठी.

पुलावरची फज्र

पावणेसहाच्या सुमारास आम्ही सत्तावीस किलोमीटरवर होतो. फज्रची वेळ होत आली. नमाज कुठे आणि कशी पढायची, हे आम्ही घरूनच ठरवून आलो होतो. सूर्योदय सातच्या सुमारास, म्हणजे शर्यत संपवून पढू म्हटले तर कजा होणार होती. थांबलो तर अंगातली गती जाणार, पाय आखडणार. पण त्यावर दोघांत चर्चा झालीच नाही.

कुणाच्या तरी मोबाइलवर अजान लागली. बाजूने धावणारी पाच-सहा माणसे कडेला सरकली. बाटलीतल्या थोड्या पाण्यात वजू झाला. एकाने मोबाइलमध्ये किबला पाहिला आणि हाताने दिशा दाखवली. पुरुष पुढे, आम्ही तिघी बाया मागे. ओळख ना पाळख, भाषा वेगळी, सफ मात्र एक झाली. सजद्यात गुडघे असे दुखले की उठताना शेजारच्या बाईने हात दिला. सलाम फेरल्यावर ती हसली, काहीतरी बोलली आणि धावत निघून गेली. ती काय म्हणाली ते कळले नाही. दुआ असावी.

चौतिसाव्या किलोमीटरवर

उजाडू लागले तेव्हा आम्ही परतीच्या वाटेवर होतो. चौतिसाव्या किलोमीटरच्या आसपास मुलांचे अब्बा गप्प झाले. मग म्हणाले, मळमळतेय. डोके दुखतेय. बोटातली चांदीची अंगठी रुतत होती, कारण बोटे सुजली होती. "पाणी देऊ?" असे विचारले, तर ते भलत्याच विषयावर बोलू लागले. तेव्हा आमच्या काळजात धस्स झाले.

चूक आमचीच होती. घाम खूप जातोय म्हणून प्रत्येक पाणपोईवर आम्ही पोटभर साधे पाणी प्यायलो होतो. क्षारांचे पेय तिथे ठेवलेले होते, ते गोड म्हणून साखरेच्या भीतीने टाळले. मीठही सोबत नेले नव्हते. घामातून मीठ जात राहिले आणि वरून नुसते पाणी घेतले, तर रक्तातले सोडियम घटू शकते. अमेरिकेत २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त शर्यतीनंतर तपासले, तेव्हा १३ टक्के लोकांमध्ये ते कमी आढळले. हे दुखणे वाढले तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकते.

वैद्यकीय पथकातल्या एका तरुण मुलीने त्यांना बसवले, नाडी आणि साखर पाहिली, दोन-चार प्रश्न विचारले. आणखी पाणी द्यायला तिने मनाई केली. तिथे वडीलधाऱ्या पुरुषाला 'पाकचिक' म्हणतात. ती अदबीने पण ठामपणे म्हणाली, "पाकचिक, आज इथेच थांबायचे."

त्यांनी मान हलवली आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, "तू जा. आठच किलोमीटर राहिलेत. एक तरी पदक घरी जाऊ दे."

खोटे कशाला बोलायचे, क्षणभर मोह झाला. दोन वर्षांची मेहनत, सव्वा लाख रुपये, गावात सर्वांना सांगून ठेवलेले. पाय अजून चालत होते. पण निघताना ठरले होते की, सोबत सुरू करू आणि सोबत संपवू. आम्ही छातीवरचा नंबर काढून खिशात ठेवला. शर्यतीच्या रुग्णवाहिकेतून दोघे परतलो. खिडकीतून पूल आणि समुद्र पहिल्यांदा नीट उजेडात दिसला.

रुग्णालयात रक्त तपासले, सोडियम कमीच निघाले. उपचार झाले, संध्याकाळपर्यंत त्यांना बरे वाटले. अल्लाहचे शुक्र.

आम्ही काय शिकलो

आपल्या शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण मुलांना सांगतो. आम्ही ती आळस सोडण्यासाठी वापरली. पण अतिरेक थांबवण्यासाठीही तीच शिकवण आहे, हे त्या पुलावर उमगले. शरीर ही अमानत आहे. सोफ्यावर बसून ती गंजवायची नाही आणि चार लोकांना दाखवायला मोडायचीही नाही.

ज्यांना असे जायचे आहे, त्यांच्यासाठी थोडे अनुभवाचे. आधी दहा, मग एकवीस किलोमीटर घरच्या मैदानात पूर्ण करा. त्याला दोन वर्षे लागली तरी लागू द्या. साखर, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव नोंदवू नका आणि शर्यतीत काय खावे-प्यावे हेही त्यांनाच विचारा. तहान लागेल तेवढेच प्या. सरावात जे पेय घेतले, तेच शर्यतीत घ्या. रात्रीची शर्यत असेल तर दोन-तीन वेळा रात्री धावून पाहा, कारण झोपेच्या वेळी पोट आणि पाय वेगळे वागतात. नवे बूट, नवा हिजाब, नवे कपडे त्या दिवशी घालू नका. नमाजच्या वेळा आधी काढून ठेवा. आणि सोबत कुणी असेल, तर एकाची तब्येत बिघडल्यास दुसऱ्याने काय करायचे हे घरीच ठरवा. चौतिसाव्या किलोमीटरवर डोके ठिकाणावर नसते.

घरी आलो. शेजारच्यांनी पदक पाहायला मागितले, तेव्हा सांगितले की मिळाले नाही. काही जण हसले, काहींनी पैसे वाया गेले म्हटले. अम्मींनी मुलाच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जसे गेलात तसे आलात ना, बस."

तीन आठवड्यांच्या विश्रांतीनंतर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, पुन्हा भाट्ये पुलावर जाऊ लागलो. आता मोहल्ल्यातल्या नऊ बाया आमच्यासोबत येतात. त्यातल्या चौघींना साखर आहे, एकीचे गुडघे दुखतात, एक सून सासूला घेऊन येते. मॅरेथॉनचे नाव कुणी काढत नाही. दोन खांबांच्या मधले अंतर धावायचे आणि पुढच्या खांबापर्यंत चालायचे, एवढेच.

पैसे पुन्हा जमवतो आहोत, पण या वेळी उमऱ्यासाठी. सईच्या सातही फेऱ्या न बसता पूर्ण करायच्या आहेत, इन्शाअल्लाह.