नानांची पोटरी

गेल्या उन्हाळ्यात माझे वडील, नाना, नाशिकहून आमच्याकडे सनीव्हेलला आले. संध्याकाळी आम्ही लास पाल्मास पार्कमध्ये चक्कर मारायला जात असू. दोनशे पावले झाली की त्यांच्या पोटरीत गोळा येई. मग ते एखाद्या झाडाकडे बघत थांबत आणि दोन मिनिटांनी पुन्हा चालू लागत. "वय झालं रे आता," एवढेच म्हणत. विमानात वीस-बावीस तास बसून पाय अवघडले असतील, असे समजून मी औषधाच्या दुकानातून घट्ट मोजे आणले. चूक माझीच. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. पण त्यानंतर जे शिकलो ते आपणा सर्वांना सांगावेसे वाटते.

हृदयाकडून पायात रक्त आणणाऱ्या त्या रोहिणी आणि परत वर नेणाऱ्या त्या नीला. रोहिणीत चरबीचा थर साचून वाट अरुंद झाली, की चालताना स्नायूंना रक्त कमी पडते आणि पोटरी दुखते. थांबले की राहते. जर्मन भाषेत याला दुकानांच्या काचा बघत थांबण्याचा आजार म्हणतात. नाना झाडे बघत, एवढाच फरक!

नीलांचे गणित वेगळे. तेथे रक्त चढणीवर न्यायचे असते. पोटरीचे स्नायू ते दाबून वर ढकलतात आणि नीलांतल्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत. झडपा ढिल्या पडल्या की संध्याकाळी पाय जड होतात, घोट्याशी सूज येते, शिरा फुगतात. पाय उशीवर ठेवले की बरे वाटते. रोहिणीचे दुखणे वाढले असेल तर उलट, रात्री पाय पलंगाखाली सोडल्यावर बरे वाटते.

घट्ट मोजे नीलांना आधार देतात. रोहिणी फार अरुंद असेल तर तेच मोजे उरलासुरला पुरवठाही तोडू शकतात. नानांचा मधुमेह वीस वर्षांचा, सिगारेट त्याहून जुनी, आणि अंगठ्यावरची जखम तीन आठवडे भरत नव्हती. ती त्यांनी आमच्यापासून लपवली होती. डॉक्टरांनी आधी मोजे काढायला लावले. मग घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागले. उत्तर १ च्या आसपास हवे, ०.९ किंवा कमी म्हणजे अडथळा. नानांचे ०.६ आले. फुगा घालून रोहिणी उघडावी लागली, तेव्हा अंगठा वाचला. विमा कंपनीने 'जुने दुखणे' म्हणून हात वर केले, तो खर्च वेगळाच. आई-वडिलांना बोलावण्यापूर्वी तिकडेच ही तपासणी करून घ्यावी, ती सोपी आहे.

प्रवासानंतर एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर मात्र नीलेत गुठळी असू शकते. तासन् तास बसल्याने ती होते, हे बोस्टनच्या डॉ. जॉन होमन्स यांनी १९५४ मध्येच लिहिले होते. अशा वेळी पाय चोळत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दम लागला किंवा छातीत दुखले तर सरळ ९११.

नाना आता नाशिकला परतले आहेत. सिगारेट सुटली. दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे, असा व्यायाम डॉक्टरांनी दिला आहे. परवा फोनवर म्हणाले, "अरे, आज आठशे पावलं झाली, मगच थांबलो."