चौकातला कॅमेरा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतीय शहरांत सार्वजनिक जागांवर नजर ठेवणारी यंत्रणा आता नुसत्या कॅमेऱ्यापुरती उरलेली नाही. चौकातला सीसीटीव्ही, गाडीची नंबर प्लेट वाचणारा कॅमेरा, टोलनाक्यावरचा फास्टॅग, सिग्नल तोडल्यावर मोबाइलवर येणारे ई-चलान, मोबाइल टॉवरवरील नोंद आणि चेहरा ओळखणारी संगणकप्रणाली, हे सगळे धागे एकत्र विणता येतात. ते विणायची जागाही तयार आहे. 25 जून 2015 रोजी सुरू झालेल्या स्मार्ट सिटी अभियानात निवडलेल्या सर्व 100 शहरांत एकात्मिक नियंत्रण कक्ष उभे राहिले. त्यांत पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नागपूर, सोलापूर आणि छत्रपती संभाजीनगर ही महाराष्ट्रातील आठ शहरे आणि गोव्यातील पणजी आहे.

या यंत्रणेची मागणी हवेतून आली नाही. मुंबईवरील 26 नोव्हेंबर 2008 चा हल्ला, पुण्यातील जर्मन बेकरीचा 2010 मधील स्फोट आणि 2012 मधील जंगली महाराज रस्त्यावरील स्फोट यांनंतर शहरांवर कायम नजर हवी असे लोकांनाच मनापासून वाटू लागले. मुंबईचा कॅमेरा प्रकल्प 2016 मध्ये सुरू झाला तेव्हा पहिल्याच टप्प्यात सुमारे 4,700 कॅमेरे लागले. भीती खरी असल्यामुळे या विषयावर शांतपणे बोलणे अवघड जाते आणि ऐकीव समजुती सत्य म्हणून फिरत राहतात.

सर्वांत रुळलेली समजूत अशी की रस्ता सार्वजनिक आहे, तिथे खासगी असे काही असतच नाही. या समजुतीचा भारतीय न्यायालयांतील इतिहास मोठा आहे. उत्तर प्रदेशात दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या खरक सिंग यांच्या नावाने पोलिसांनी पाळतीची वही उघडली होती. रात्री-अपरात्री त्यांचे दार ठोठावले जाई, ते कुठे जातात याची नोंद ठेवली जाई. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये रात्रीच्या घरभेटी रद्द केल्या; पण माणसाच्या हालचालींवर नजर ठेवण्यात गैर नाही, कारण घटनेत खासगीपणाचा हक्क नाही, असे बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदवले: ज्याच्या प्रत्येक हालचालीवर पाळत आहे, तो मोकळा फिरत असला तरी मोकळा नसतो. पुढे पंचावन्न वर्षांनी, 24 ऑगस्ट 2017 रोजी, पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि 1962 च्या निकालातील तो भाग चुकीचा असल्याचे सांगितले. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, हेही या निकालात आहे. खासगीपणा जागेला चिकटलेला नसतो, तो व्यक्तीबरोबर चालतो.

यामागे साधे व्यवहारज्ञान आहे. नाक्यावरचा हवालदार येणाऱ्या-जाणाऱ्याला पाहतो आणि विसरतो. एका माणसाचा महिनाभर पाठलाग करायचा तर पाच-सहा पोलीस कामाला लावावे लागतात, म्हणून पूर्वी पाळत फक्त निवडक लोकांवर ठेवली जाई. तिला खर्चाचा लगाम होता. नंबर प्लेट आणि चेहरे वाचणारी यंत्रणा हा लगाम काढून टाकते. सगळ्यांची नोंद आधी होते आणि शोध घ्यायचा तो नंतर, मागे जाऊन. रस्त्यावर कुणीतरी पाहिले आणि गेल्या सहा महिन्यांतील प्रत्येक फेरी कुणाच्या तरी हाती आली, या दोन गोष्टींना एकच शब्द लावणे हीच मोठी गफलत आहे.

याच्याच जोडीला येणारे वाक्य म्हणजे ‘ज्याने काही केले नाही त्याला कसली भीती?’ हे वाक्य लपवणे आणि गुन्हा यांची सांगड घालते. पण माणसे रोज कितीतरी निर्दोष गोष्टी झाकून ठेवतात: मानसोपचारतज्ज्ञाकडची फेरी, एचआयव्ही तपासणी, व्यसनमुक्ती केंद्र, वकिलाची भेट, कामगार संघटनेची बैठक, पत्रकाराला गुपचूप माहिती देणारा कर्मचारी. घरच्यांच्या मनाविरुद्ध आंतरजातीय लग्न करू पाहणाऱ्या मुलीने काहीच गुन्हा केलेला नसतो, तरी ती कुठे आहे ही माहिती चुकीच्या हाती गेली तर तिच्या जिवावर बेतू शकते. विशेष विवाह कायद्याखाली कार्यालयाच्या फलकावर लागणारी 30 दिवसांची नोटीसही अशा जोडप्यांना धास्तावते, ती याच कारणाने. शिवाय ‘गैर’ कशाला म्हणायचे हे नोंद होणारा माणूस ठरवत नाही. ते पुढे केव्हातरी, ती नोंद ज्याच्या ताब्यात असेल तो ठरवतो.

कॅमेरे वाढले की गुन्हे घटतात, हा तिसरा समज. त्यात थोडे तथ्य आहे, पण ते फार फुगवले जाते. पिझा, वेल्श, फॅरिंग्टन आणि थॉमस या अभ्यासकांनी चाळीस वर्षांतील संशोधनाचा आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध केला. कॅमेरे असलेल्या भागांत गुन्हे सरासरी 13 टक्क्यांनी कमी आढळले. सर्वांत ठळक परिणाम वाहनतळांवर दिसला. मारहाण, हल्ले अशा हिंसक गुन्ह्यांवर मात्र म्हणावा असा परिणाम दिसला नाही. रागाच्या किंवा नशेच्या भरात हात उचलणारा माणूस आधी वर कॅमेऱ्याकडे पाहत नाही. गुन्हा घडल्यानंतरच्या तपासात चित्रणाचा उपयोग होतो आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण तपासाला मदत होणे वेगळे आणि गुन्हा टळणे वेगळे. कॅमेऱ्याइतकाच फरक चांगला दिवा, वेळेवर येणारी गस्त आणि तक्रार लिहून घेणारे पोलीस ठाणे यांनीही पडतो, आणि पाळतीच्या चर्चेत ही साधी माणसांची कामे मागे पडतात.

सर्वांत घातक गैरसमज यंत्राच्या अचूकतेचा आहे. चेहरा ओळखणारी प्रणाली एका चित्रणातील चेहऱ्याची मोजमापे घेऊन साठवलेल्या चेहऱ्यांशी ताडून पाहते आणि ‘इतके टक्के साम्य’ असे उत्तर देते. म्हणजे ती अंदाज देते, ओळख पटवत नाही. हरवलेल्या मुलांच्या शोधासाठी दिल्ली पोलिसांनी घेतलेल्या प्रणालीची अचूकता 2 टक्के असल्याचे 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर आले. पुढच्या वर्षी ती 1 टक्क्याहूनही खाली असल्याचे आणि मुलगा-मुलगी हा फरकही प्रणालीला कळत नसल्याचे केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने सांगितले. तरीही तिचा वापर थांबला नाही, उलट वाढला. दिल्लीतील फेब्रुवारी 2020 च्या दंगलीनंतर याच तंत्राने अकराशेहून अधिक लोक ओळखले गेल्याचे आणि त्यासाठी मतदार ओळखपत्रे व वाहन परवान्यांची माहिती वापरल्याचे केंद्रीय गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले. मतदानासाठी दिलेला फोटो संशयितांच्या रांगेत वापरला जाईल, असे तो देताना कुणालाही सांगितलेले नव्हते. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या माहिती अधिकार अर्जाला 2022 मध्ये मिळालेल्या उत्तरानुसार, दिल्ली पोलीस 80 टक्क्यांहून जास्त साम्य म्हणजे ओळख पटली असे धरतात.

आकडा मोठा वाटला तरी गर्दीचे गणित निराळे असते. एका मोठ्या रेल्वे स्थानकातून दिवसाला 5 लाख माणसे जातात आणि प्रणाली हजारात एकदाच चुकते असे समजू. त्या गर्दीत पोलिसांना हवे असलेले पाच जण आहेत आणि ते पाचही जण सापडले असेही धरू. तरी दिवसभरात 505 वेळा धोक्याची घंटा वाजेल आणि त्यांतील 500 वेळा समोर निरपराध माणूस असेल. 99.9 टक्के अचूक म्हणवणाऱ्या यंत्राचा प्रत्यक्षातला अर्थ असा निघतो. चुकाही सर्वांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. अमेरिकेतील मानके ठरवणाऱ्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेने डिसेंबर 2019 मध्ये 189 प्रणालींची तपासणी केली, तेव्हा चुकीच्या जुळणीचे प्रमाण निरनिराळ्या वंशगटांत 10 ते 100 पट वेगळे निघाले. डेट्रॉइटजवळ जानेवारी 2020 मध्ये रॉबर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय माणसाला घड्याळे चोरल्याच्या आरोपाखाली त्याच्या बायकोमुलींसमोर घराच्या अंगणातून अटक झाली. पुरावा होता यंत्राने चुकीची ठरवलेली जुळणी. पडद्यावरच्या टक्केवारीपुढे माणसाचा शब्द फिका पडतो, आणि निर्दोष असल्याचे सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर नसायला हवा त्याच्यावर येतो.

नावे काढून टाकली की माहिती निनावी होते, हेही खरे नाही. द मोन्ज्वा आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 15 लाख मोबाइलधारकांच्या निनावी नोंदी तपासल्या. जागा आणि वेळ यांच्या केवळ चार जोड्या माहीत असल्या तर 95 टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता येत होते. रात्री कोथरूडमध्ये आणि दिवसा हिंजवडीत थांबणारे फोन हजारो असतील. त्यात दर शनिवारी एका ठरावीक वृद्धाश्रमात आणि मंगळवारी एका ठरावीक दवाखान्यात जाणारा मिळवला, की एकच उरतो.

पाळत सर्वांवर सारखीच असते, असेही मानले जाते. नागपूर महापालिकेने आपल्या हजारो सफाई कामगारांना जीपीएस असलेली घड्याळे दिली. चंडीगड आणि पंचकुला येथेही हा प्रयोग झाला. मुकादमाची हजेरीवही जाऊन मनगटावरचे यंत्र आले. कामगार नेमलेल्या हद्दीत आहे की नाही, हे नियंत्रण कक्षात बसल्या जागी दिसू लागले आणि त्यावर पगार ठरू लागला. स्वच्छतागृहात जातानाही घड्याळ हातावर असल्याने अवघडल्यासारखे होते, अशी तक्रार महिला कामगारांनी केली. महापालिकेतील वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मनगटावर असे घड्याळ कुणी बांधले नाही. झाडू मारणारे हात पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींचे राहिले आहेत हे ध्यानात घेतले तर नवे यंत्र कोणत्या जुन्या उतरंडीवर बसते हे स्पष्ट होते. हैदराबादमध्ये चेहरा ओळखण्याचा प्रश्न न्यायालयात गेला आहे: टाळेबंदीत पोलिसांनी रस्त्यात थांबवून, मास्क काढायला लावून फोटो घेतला, अशी तक्रार करणाऱ्या एका सामाजिक कार्यकर्त्याने तेलंगणा उच्च न्यायालयात या तंत्राविरुद्ध याचिका केली.

लोकांनी संमती दिलेली असते, हा युक्तिवाद रस्त्यावर लागू पडत नाही. संमतीला पर्याय लागतो. विमानतळावर चेहऱ्यावरून प्रवेश देणारी डिजियात्रा नको असेल तर निदान दुसरी रांग असते. चौक ओलांडायला दुसरा चौक नसतो.

आता डेटा संरक्षण कायदा आला, म्हणजे प्रश्न सुटला, असा समज अलीकडे दिसतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये संमत झाला. खासगी कंपन्यांसाठी त्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि ही चांगली गोष्ट आहे. पण कलम 17 नुसार गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यांसाठीच्या वापराला बहुतेक तरतुदी लागू होत नाहीत. शिवाय राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार कोणत्याही शासकीय यंत्रणेला अधिसूचना काढून कायद्यातून वगळू शकते. म्हणजे चौकातल्या कॅमेऱ्यापाशी या कायद्याचा हात आखडतो.

फोन ऐकण्याशी तुलना केली की ही उणीव ठळक होते. तारायंत्र कायदा 1885 चा होता, तरी सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये पीयूसीएल खटल्यात फोन टॅपिंगला बंधने घातली: गृहसचिवाच्या पातळीवरचा लेखी आदेश, दोन महिन्यांची मुदत, सहा महिन्यांची कमाल मर्यादा, आढावा समिती. या बंधनांचे पालन किती होते हा वेगळा विषय. पण निदान नियम आहे आणि तो मोडला तर दाद मागता येते. चेहरा ओळखण्यासाठी असा आदेश कुणी द्यायचा, यादीत कुणाचे नाव घालायचे, चुकून आलेले नाव कसे काढायचे, याचा स्वतंत्र कायदा देशात नाही. पुट्टस्वामी निकालाची पहिली अट मात्र हीच आहे की खासगीपणावर मर्यादा घालायची तर आधी कायदा हवा. मग उद्देश वैध हवा आणि उपाय त्या उद्देशाच्या मानाने बेताचा हवा. याउलट 2022 च्या गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने पोलिसांना डोळ्यांच्या बुबुळांपर्यंतची मोजमापे घेण्याचा अधिकार दिला आणि ती 75 वर्षे जपून ठेवण्याची सोय केली.

‘हे सगळे चीनमध्ये चालते, आपल्याकडे नाही’ या वाक्यात दोन चुका आहेत. चीनमध्ये प्रत्येक नागरिकाला सरकार एक गुण देते ही कथा जगभर पसरली आहे, पण तसा एकच देशव्यापी गुणांक नाही. काही शहरांत प्रयोग झाले. राष्ट्रीय पातळीवरचा भर कंपन्यांवर आणि न्यायालयाचा निकाल न पाळणाऱ्या देणेकऱ्यांच्या काळ्या यादीवर राहिला. दुसरी चूक ‘आपल्याकडे नाही’ ही: चीनची पाळत अफाट आहे, पण ती त्या काल्पनिक गुणपत्रिकेत शोधली तर आपल्या शहरातील खऱ्या नोंदवह्या नजरेआड होतात.

तंत्र आले की थांबवता येत नाही, हेही अनुभवाला धरून नाही. सॅन फ्रान्सिस्कोने मे 2019 मध्ये आपल्या शहर खात्यांना चेहरा ओळख वापरण्यास बंदी केली. ब्रिटनच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये साउथ वेल्स पोलिसांचा वापर बेकायदा ठरवला, कारण यादीत कोण असावे आणि कॅमेरा कुठे लावावा हे बरेचसे पोलिसांच्या मर्जीवर सोडलेले होते. टोरांटोच्या किनाऱ्यावर गूगलच्या भगिनी कंपनीने आखलेले संवेदकांचे उपनगर नागरिकांच्या विरोधात अडकले आणि मे 2020 मध्ये कंपनीने ते सोडून दिले. कारण मात्र आर्थिक अनिश्चिततेचे सांगितले. युरोपीय संघाच्या कायद्याने फेब्रुवारी 2025 पासून पोलिसांना सार्वजनिक जागी तत्क्षणी चेहरे ओळखण्यास, मोजके अपवाद वगळून, मनाई केली.

पाळतीवर प्रश्न विचारणारे लोक कॅमेऱ्याच्याच विरोधात असतात, हा राहिलेला गैरसमज. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कोठडी, व्हरांडा आणि प्रवेशद्वारांसह कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण 18 महिने, अगदीच शक्य नसेल तर किमान एक वर्ष, जपण्याचा आदेश दिला. कोठडीतील मारहाणीच्या तक्रारी तपासता याव्यात हा त्याचा हेतू. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्यांनी या आदेशाचे स्वागत केले. पाच वर्षे होत आली तरी अनेक ठाण्यांत कॅमेरे नव्हते किंवा बंद होते, म्हणून सप्टेंबर 2025 मध्ये न्यायालयाला स्वतःहून पुन्हा हा विषय हाती घ्यावा लागला. त्याच काळात चौकाचौकांतले कॅमेरे मात्र वाढत राहिले.