कोल्हा खरोखर लबाड असतो काय?

वर्गात ‘कोल्हा’ हा शब्द उच्चारताच मुलांकडून ‘लबाड’ हे विशेषण आपोआप येते. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही या उत्तरापाशी थांबणे आम्हांस आवश्यक वाटते. प्राणी मुळात तसा आहे, की गोष्टीने त्याला तसे ठरविले?

प्रथम प्रत्यक्षातील कोल्हा पाहू. तो बहुधा जोडीने राहतो. नर व मादी दोघेही पिलांना भरवितात. कधी आधीच्या वेतातील मोठी पिलेही धाकट्यांच्या संगोपनास हातभार लावतात. उंदीर, कीटक, बोरे, वाघाच्या शिकारीतील उरलेसुरले मांस, जे मिळेल त्यावर तो गुजराण करतो. बलवानांच्या आसपास वावरून पोट भरावयाचे, तर सावधपणा हवाच. या सावधपणालाच कथाकारांनी लबाडी म्हटले.

घुबडाचेही तसेच. उलूक जातकात पक्षी घुबडाला राजा करू पाहतात. कावळा हरकत घेतो : प्रसन्न असताना याची मुद्रा अशी, तर रागावल्यावर कशी असेल? कावळा आणि घुबड यांचे वैर तेथून सुरू झाले, असे ही कथा सांगते. तिच्यामागील निरीक्षण अचूक आहे. घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत. म्हणून ते मान वळवून रोखून पाहते आणि ती नजर उग्र भासते. मोठी घुबडे रात्री झोपलेल्या कावळ्यांची शिकार करतात. म्हणून दिवसा घुबड दिसताच कावळे त्याच्यावर तुटून पडतात. यात अशुभ काहीच नाही. उंदीर खाऊन हा पक्षी शेतकऱ्याचे धान्यच राखतो.

पालि जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. त्यांपैकी काही भारहुत स्तूपाच्या कठड्यावर दोन हजार वर्षांपूर्वीच कोरल्या गेल्या. त्यांतील लटुकिक जातक विचार करावयास लावणारे आहे. लाव्याची मादी जमिनीवर घरटे करते. हत्तींचा कळप येतो, तेव्हा त्याचा नायक असलेले बोधिसत्त्व तिच्या पिलांना आपल्या देहाखाली आश्रय देतात. मागून येणारा एकटा, उन्मत्त हत्ती मात्र तीच पिले चिरडतो. मग कावळा, माशी आणि बेडूक यांच्या साहाय्याने ती दुबळी पक्षीण त्या हत्तीला खाली आणते. लाव्याचे जमिनीवरील घरटे आणि एकट्या नराचा उन्माद, दोन्ही गोष्टी निसर्गात आढळतात. कळपाचे नेतृत्व मात्र प्रत्यक्षात वयोवृद्ध मादी करते. तेवढे कथाकाराने बदलले.

येथे मुख्य मुद्दा लक्षात घ्यावा. दोन्ही हत्तीच, पण आचरण वेगळे. इतकेच नव्हे, तर काही जातकांत स्वतः बोधिसत्त्वच कोल्ह्याच्या रूपात येतात. म्हणजे जातककथा प्राण्यालासुद्धा जन्मावरून कायमचा दोषी ठरवीत नाही.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात तथागतांनी हाच विचार पुढे नेला आहे. गवत, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, पक्षी यांच्यात जातिभेद दाखविणाऱ्या निरनिराळ्या खुणा असतात. माणसामाणसांत तशा खुणा नाहीत. माणूस शेतकरी, कारागीर वा योद्धा होतो तो कर्माने.

हा उपदेश विसरला की काय घडते, याची साक्ष इतिहास देतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तेथे जन्मलेले मूल पाळण्यातच संशयित ठरे. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. लोकांच्या मनातील शिक्का मात्र सहजी पुसला गेला नाही. आमच्या शाळेच्या वसतिगृहात येणाऱ्या कित्येक मुलांनी असे शिक्के घराबाहेर पाऊल टाकताच सोसलेले आहेत.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. मुलांना गोष्टी अवश्य सांगाव्यात. गोष्टीवाचून बालपण कोरडे होते. मात्र गोष्ट संपल्यावर खरा कोल्हा कसा जगतो, हेही सांगावे. कोल्ह्याला विनाचौकशी लबाड न म्हणणारे मूल उद्या माणसाविषयीही तितक्याच सावधपणे बोलेल, असा आमचा विश्वास आहे.